स्कूटी हलवायची का नको?

मंडळी, मला विषय दिलाय ‘संवादकौशल्य’. शब्द भारी आहे. मी आपला पाण्याचं सांगतो, कारण सांगलीत पावसाळ्यात माणसं दुसरं काही बोलतच नाहीत.

2021 चा जुलै. अपार्टमेंटच्या ग्रुपवर माहिती टाकायचं काम माझ्याकडं. का, तर निवृत्त मास्तर, शुद्ध लिहितो! मी लिहिलं, ‘कोयना धरणातील विसर्गात वाढ करण्यात आली असून कृष्णेच्या पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता आहे. नागरिकांनी सतर्क राहावे, घाबरून जाऊ नये.’ ऱ्हस्व-दीर्घाचीसुद्धा चूक नाही. पाठवलं आणि निवांत चहा घेतला.

पाच मिनिटांत तळमजल्यावरच्या काकूंचा फोन. ‘सर, झाले मी सतर्क. आता स्कूटी हलवायची का नको?’

मला उत्तर देता येईना. कारण ते वाचून कुणी काय करावं, हे मी लिहिताना मनात आणलंच नव्हतं. उद्या काही झालं तर ‘कळवलं होतं की’ म्हणता यावं, एवढ्यासाठीच मी लिहिलं होतं. आपल्याकडच्या निम्म्या नोटिसा याच पोटी निघतात असा माझा संशय आहे. शाळेत असताना मीही तसल्या ढिगानं काढल्या.

आता आकडे बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. ‘पायथा विद्युतगृहातून 2,100 क्युसेक’ म्हटलं की पाटबंधारेवाल्याला सगळं कळतं. कराडकरालाही थोडंफार, कोयना त्याच्याच दारात कृष्णेला मिळते. सांगलीकराला मात्र कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलंय, ते लागतं. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथं पोरंसोरंही सांगतात. पण तेवढ्यानंही भागत नाही. नदीकाठच्या सखल सूर्यवंशी प्लॉटमधला माणूस 45 ची वाट बघत बसला तर संपलंच, त्याच्याकडं पाणी कधीच शिरलेलं असतं. आणि उंचावरच्या विश्रामबागेतला तोच आकडा ऐकून पोरांना घेऊन पूर बघायला निघतो! आकडा एकच, एकाला घर सोडायचंय, दुसऱ्याला घरात बसवायचंय. दोघांना एकच निरोप कसा चालेल?

तर काकूंचा फोन ठेवला आणि खाली गेलो. पार्किंगच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. त्या साली आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथंच उभं राहून लिहिलं, ‘रात्री 9 च्या आत सगळ्या गाड्या चढावर देवळापाशी लावा. तळमजल्यावरचं सामान वर न्यायला 8 वाजता चार जण खाली या. पाण्याची मोटर मी काढून घेतो.’

पहिल्या निरोपाला सोळा जणांनी हात जोडलेले. याला एकानंही नाहीत. आठ वाजता जिन्यात सहा जण उभे होते, आणि काकू किल्ली पुढं करून म्हणत होत्या, ‘चढावर मला चालवता येत नाही, कोणतरी न्या ओ.’