"ही फायनलच ना?"

नमस्कार श्रोतेहो. कोणाच्या डोक्याला मार लागला की आपला पहिला प्रश्न, "शुद्ध हरपली का?" नाही म्हटलं की सगळे निर्धास्त. पण कन्कशनमध्ये, म्हणजे डोकं हादरून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं तेव्हा, दहातल्या नऊ जणांची शुद्ध जातच नाही. पुन्हा सांगतो, जातच नाही.

२०१४ची फुटबॉल विश्वचषकाची फायनल घ्या. रिओचं माराकाना स्टेडियम, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. सामी खेदिरा ऐन वेळी जायबंदी झाला म्हणून जर्मनीनं तेवीस वर्षांच्या ख्रिस्तोफ क्रामरला उतरवलं. सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गारायचा खांदा त्याच्या तोंडावर आदळला. क्रामर पडला, उठला आणि लागला खेळायला! थोड्या वेळानं रेफ्री रिझोलीला विचारतो, "ही फायनलच ना?" रिझोलीला वाटलं, गडी थट्टा करतोय. पण त्यानं पुन्हा तेच विचारलं, आणि हो म्हटल्यावर चक्क आभार मानले! रिझोलीनं ते क्रामरचा सहकारी श्वाइनस्टायगर याच्या कानावर घातलं, आणि एकतिसाव्या मिनिटाला क्रामर मैदानाबाहेर. बदली आलेल्या श्युर्लेच्याच पासवर ग्योत्झेनं ११३व्या मिनिटाला गोल मारला. क्रामर जगज्जेता झाला खरा, पण त्या सामन्यातलं त्याला फारसं काही आठवत नाही.

जाता जाता, 'मार खाऊनही झुंजला' म्हणून गहिवरणाऱ्या कॉमेंटेटरांना माझे कोपरापासून हात जोडलेले आहेत. डोक्याला मार लागलेल्यानं झुंजायचं नसतं, बसायचं असतं.

तर, पाऊण लाख प्रेक्षक, जगभरचे कॅमेरे, तरी लगेच कोणाच्या लक्षात आलं नाही. मग बाथरूममध्ये घसरलेल्या आजींची नोंद कोण करणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं २००४ साली मांडलं, की दवाखान्यात पोचणारे कन्कशनचे रुग्ण वर्षाला लाखामागे १०० ते ३००, पण खरा आकडा ६००च्या वर असावा. न्यूझीलंडमध्ये २०१०-११ साली दवाखान्याबाहेरचेही शोधून मोजले, तर निघाले लाखामागे साडेसातशेच्या आसपास. लाखामागे साडेसातशे, दर वर्षी! त्यात खेळाडू साधारण पाचातला एक. बाकी बरेचसे नुसते पडलेले, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं पुष्कळ.

तेव्हा घरात कोणी आपटलं, तर तेच तेच विचारतंय का, गोंधळलंय का, बघा. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा जागं करूनही जाग न येणं, यातलं काही दिसलं तर तडक हॉस्पिटल. आणि काय बोललं, काय विसरलं, ते डॉक्टरांना नीट सांगा. कन्कशन बहुतेक वेळा स्कॅनमध्ये दिसत नाही.