तीन भावांचा एक कवी

ठाण्याचं हे मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. १७८७ मध्ये इथे पाया खणताना ताम्रपट सापडले. शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. दान देणारा राजा अरिकेसरी, उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी. आपलं ठाणं तेव्हा श्रीस्थानक होतं.

याच घराण्याच्या दरबारात पुढे एक परमुलखातला कवी वावरला. नाव सोड्ढल. लाट देशातला, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातचा कायस्थ. वडील लहानपणीच गेले, मामानं वाढवलं.

काळ कठीण होता. १०२० मध्ये माळव्याचा राजा भोज कोकणविजयाच्या निमित्तानं जमिनी दान देत होता. चारच वर्षांनी, मिरजेच्या ताम्रपटात, चालुक्य जयसिंहानं सप्तकोकणच्या राजांचं सर्वस्व हिरावल्याचं कोरलं. आणि शिलाहारांच्या घरात? राजा वज्जडानंतर गादी त्याच्या भावाकडे, अरिकेसरीकडे गेली. तिथून पुन्हा वज्जडाच्या मुलांकडे: आधी छित्तराज, मग नागार्जुन, मग मुम्मुणी. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या १०६० च्या शिलालेखात ज्याचं नाव आहे, तोच हा मुम्मुणी.

गादी फिरली की दरबारातलं प्रत्येक माणूस नव्यानं तोललं जातं. थोरल्याची केलेली स्तुती धाकट्याच्या राज्यात पुरावा ठरू शकते. सोड्ढलनं तिन्ही भावांचा आश्रय मिळवला आणि ग्रंथात तिघांचीही नावं आदरानं नोंदवली. लाटाच्या वत्सराजाकडेही त्याला मान होता.

त्याच्या ‘उदयसुंदरीकथे’चा नायक ठाण्याचा नाहीच. तो प्रतिष्ठानचा, आपल्या पैठणचा राजा मलयवाहन, नायिका नागकन्या. गद्यपद्य मिसळलेलं हे चंपूकाव्य, बाणभट्टाला आदर्श मानून लिहिलेलं. राजकुळाच्या आतल्या गोष्टींपासून कथा इतकी लांब नेणं, यात मला भित्रेपणा दिसत नाही. हे फार जाणतं शहाणपण आहे. दरबारी कवीला सरसकट भाट म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथ उघडून पाहावा. कवीनं त्यात स्वतःच्या कुळाची हकिगतही लिहिलीय. राजांच्या प्रशस्तीच्या त्या युगात स्वतःविषयी एवढं सांगणारे कवी थोडेच.

भीती खोटी नव्हती. मुम्मुणीनंतर भाऊबंदकी पेटली, कोकण उद्ध्वस्त झालं. ती आपत्ती निवारल्याचं १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात कोरलेलं आहे. ती निवारणारा राजा अनंतदेव, मधल्या भावाचा, नागार्जुनाचा मुलगा.

सोड्ढलचा ग्रंथ १९२० मध्ये बडोद्याहून छापला गेला. तिन्ही भाऊ त्यात एकत्र आहेत.