कागद कुठून आला?

स्थानिक इतिहासाच्या ग्रंथालयात आणि अभिलेखागारात येणारे कागद क्वचितच नीट बांधून, यादीसह येतात. ते कुणाच्या माळ्यावरून, बंद पडलेल्या संस्थेच्या कपाटातून किंवा घर रिकामे करण्याच्या घाईतून येतात, आणि पुष्कळदा रद्दीवाल्याच्या दारातून परत फिरलेले असतात. अशा एखाद्या पेटीत सभांची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या, सभासदांचे रजिस्टर, पत्रव्यवहार, छापील हस्तपत्रके आणि मागे एकही नाव न लिहिलेले एखादे सामूहिक छायाचित्र एकत्र दडपलेले सापडते. पेटी उघडणाऱ्या अभिलेखपालाला वाचनाचा मोह होतोच. तरीही कागदात काय लिहिले आहे याच्याही आधी तो कागद कुठून आला, कोणाजवळ होता आणि कोणत्या गठ्ठ्यात होता, हे त्याने विचारायचे असते. देणाऱ्या व्यक्तीला याची उत्तरे ठाऊक असतात आणि ती समोर असते तोवरच ती लिहून घेता येतात. म्हणून सर्वांत आधी दाखल नोंदवही उघडली जाते. तारीख, दात्याचे नाव, सामग्रीचे ढोबळ वर्णन आणि ती कोणत्या अटींवर दिली आहे, एवढ्या चार ओळी तिथे उतरतात. पुढच्या सगळ्या कामाचा पाया याच नोंदीत असतो.

नोंद झालेली पेटी लगेच भांडारात जात नाही. काही काळ ती वेगळ्या खोलीत ठेवून कसर, वाळवी किंवा बुरशी यांची चिन्हे तपासली जातात, कारण एका बाधित गठ्ठ्यामुळे शेजारची सगळी मांडणी धोक्यात येऊ शकते. त्यानंतर मऊ कुंचल्याने एकेका पानावरची धूळ काढली जाते. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा हलक्या हाताने सोडवल्या जातात आणि कागदाला चिकटून वितळलेली रबरे काढली जातात. फाटलेल्या पानाला कुणीतरी प्रेमाने लावलेली पारदर्शक चिकटपट्टी हे मात्र खरे दुखणे असते, कारण तिचा गोंद वर्षानुवर्षे कागदात मुरून पिवळा डाग सोडतो आणि तो काढणे प्रशिक्षित जतनतज्ज्ञाचेच काम ठरते. फाटलेले पान दुरुस्त करायचे असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. पुढे गरज पडली तर पाण्याच्या ओलाव्याने ती पुन्हा सोडवता येते.

सर्वांत जुना कागद सर्वांत नाजूक असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अनेकदा याच्या उलट दिसते. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला कागद शतके टिकून राहतो, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्यावर तयार होऊ लागलेला कागद, आणि त्यातही वर्तमानपत्राचा कागद, काही दशकांतच तपकिरी आणि ठिसूळ होतो. लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य आणि शाई फुटू नये म्हणून कागदाला दिलेल्या खळीतली तुरटी यांच्यामुळे त्यात आम्ल तयार होते आणि तेच त्याला आतून खाते. त्यामुळे स्थानिक वर्तमानपत्रांच्या फायली, ज्यांत गावाच्या रोजच्या जगण्याची नोंद सर्वांत दाट असते, त्याच सर्वांत आधी हातातून निसटू लागतात. त्या आम्लरहित वेष्टनात आणि पेट्यांत ठेवणे, खोलीतली आर्द्रता फार वाढू न देणे, ऊन टाळणे आणि सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून उंच ठेवणे, ही कामे दिसायला किरकोळ आहेत; कागदाचे आयुष्य त्यांच्यावरच ठरते.

यानंतरचे काम बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही, पण अभिलेखागाराचे वेगळेपण त्यातच आहे. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावतात आणि ते योग्यच आहे, कारण प्रत्येक पुस्तक स्वतंत्रपणे वाचता येते. दस्तऐवजाचे तसे नसते. पाण्याच्या तक्रारीचे पत्र, त्याच्या मागची टिपणी, पुढच्या सभेतला ठराव आणि शेवटी नळ बसवल्याची पावती हे चारही कागद एका फाईलमध्ये लागोपाठ असतील, तर त्यांतून एक निर्णय कसा घडला ते कळते. तेच विषयवार वेगळे केले, तर पावती नुसती पावती उरते. एका संस्थेचे कागद एकत्रच ठेवावेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी परिपत्रकाने घालून दिले, आणि मूळ क्रम राखण्याचा नियम १८९८ साली तीन डच अभिलेखपालांनी सविस्तर मांडला. जगभरची अभिलेखागारे आजही त्याच वाटेने चालतात.

क्रम हरवला की काय होते, हे जर्मनीतील कोलोन शहराने अनुभवले. ३ मार्च २००९ रोजी, शेजारी भुयारी रेल्वेचे काम चालू असताना, तिथल्या ऐतिहासिक अभिलेखागाराची इमारत कोसळली आणि लगतच्या घरांतील दोन जणांचा बळी गेला. ढिगाऱ्यातून बहुतेक सामग्री बाहेर काढता आली. भिजलेले कागद बुरशी धरू नयेत म्हणून गोठवून ठेवले गेले आणि वाचवलेले गठ्ठे जागा मिळेल तसे दूरदूरच्या अभिलेखागारांत पाठवावे लागले. कागद मिळाले, परंतु कोणते पान कोणत्या फाईलचे, हे ओळखून ती पुन्हा जुळवण्याचे काम कित्येक वर्षांनंतरही चालूच राहिले.

म्हणूनच सूची करणारी व्यक्ती मला या साऱ्या कामाच्या मध्यभागी दिसते. ती आधी संपूर्ण संग्रहाचे वर्णन करते, मग त्यातील मालिकांचे, म्हणजे एकाच प्रकारच्या फायलींच्या गटांचे, आणि वेळ व मनुष्यबळ असेल तरच एकेका फाईलचे. एकाच आडनावाची आणि एकाच गल्लीच्या नावाची, चार प्रकारे लिहिलेली रूपे तिला सांभाळावी लागतात, कारण वाचक यांपैकी कोणत्या रूपाने शोधेल हे आधी सांगता येत नाही. त्या निनावी सामूहिक छायाचित्रासाठी ती गावातील वृद्धांना बोलावते, त्यांनी ओळखलेले चेहरे एका रेखाटनावर क्रमांकासह टिपते, आणि ही ओळख कोणी व कधी दिली, तेही लिहून ठेवते. छायाचित्राच्या पाठीवर शाईचे पेन किंवा बॉलपेन कधीही चालवले जात नाही. लिहावेच लागले तर मऊ पेन्सिलीने कडेला लिहितात.

स्कॅनिंगमुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते आणि दूरच्या वाचकाची सोय होते. मात्र ज्या प्रतिमेला नीट नाव आणि सूचीतला क्रमांक नाही, ती संगणकात असूनही हरवलेलीच असते. शिवाय डिजिटल प्रती तपासाव्या लागतात, दुसरीकडे उतरवून ठेवाव्या लागतात आणि त्यासाठी दरवर्षी खर्चाची तरतूद लागते.

वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल चालते. एका वेळी एकच फाईल दिली जाते आणि तिच्या जागी कप्प्यात चिठ्ठी ठेवली जाते. कागद हाताळताना पांढरे हातमोजे घालावेत ही समजूत दृढ आहे, परंतु सामान्य कागदासाठी स्वच्छ, कोरडे हातच बरे, कारण हातमोज्यांतून पानाची कड बोटांना जाणवत नाही आणि ते फाटते. हातमोजे लागतात ते छायाचित्रांना आणि निगेटिव्हना. हयात व्यक्तींची खासगी माहिती असलेल्या काही फायली ठरावीक काळ बंद ठेवाव्या लागतात, आणि निराश वाचकाला त्याचे कारण शांतपणे समजावून सांगणे, हेही रोजच्या कामात येते.

येथे येणारा वाचक बहुधा इतिहासाचा विद्यार्थी नसतो. कोणाला आजोबांच्या शाळेचा दाखला हवा असतो, कोणाला जुन्या रस्त्याची हद्द, तर कोणाला बंद झालेल्या गिरणीतील कामगारांची नावे. यांतील अनेकांना हवे ते मिळत नाही. अशा वेळी अभिलेखपाल कोणती रजिस्टरे पाहिली, कोणत्या वर्षांची पाने मुळातच नाहीत आणि पुढे कुठे विचारावे, हे लेखी कळवतो व त्या उत्तराची प्रत चौकशीच्या फाईलला लावतो. पुढे तोच प्रश्न घेऊन दुसरा कोणी आला, तर शोध पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही.