मारीचा होकार

श्रोतेहो, नमस्कार.

मादाम क्युरी म्हटलं की आपल्याला रेडियम आठवतं, दोन नोबेल पारितोषिकं आठवतात. आज मी त्याच्या आधीच्या काळाबद्दल बोलणार आहे. 1894 चा वसंत ते 1895 चा जुलै. एवढ्या काळात दोन माणसं भेटली, एकमेकांत गुंतली आणि बऱ्याच घालमेलीनंतर त्यांनी लग्न केलं. गुंतायला फारसा वेळ लागला नव्हता. वेळ लागला तो होकाराला, आणि मला ओढ आहे ती त्या होकाराची.

ती तेव्हा मारी स्क्लोडोव्स्का होती. वॉर्साची. पोलंड त्या वेळी स्वतंत्र देश म्हणून नकाशावर उरलाच नव्हता. वॉर्सावर रशियाची सत्ता होती आणि तिथल्या विद्यापीठाचं दार मुलींना बंद होतं. थोरल्या बहिणीला, ब्रोन्याला, पॅरिसमध्ये डॉक्टर होता यावं म्हणून मारी परक्या घरी राहून मुलांना शिकवत असे. त्या घरचा थोरला मुलगा गणिताचा विद्यार्थी. दोघांचं जमलं, लग्नाचं बोलणं निघालं आणि त्याच्या आईवडिलांनी साफ नकार दिला. घरी नोकरीला ठेवलेली गरीब मुलगी सून म्हणून कशी आणायची? मुलगा त्यांच्यापुढे उभा राहू शकला नाही. मारीला पगाराची गरज होती, म्हणून अपमान गिळून ती त्याच घरात शिकवत राहिली. हे किती कठीण असेल! 1891 च्या अखेरीस ती पॅरिसला पोचली, तेव्हा लग्न हा विषय तिनं आपल्यापुरता मिटवून टाकलेला होता.

पिएर क्युरीनंही तो मिटवला होता. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे त्यानं आणि त्याच्या भावानं, जाकनं, 1880 मध्ये शोधून काढलं होतं. आपली क्वार्ट्झची घड्याळं याच गुणधर्मावर चालतात. एवढं करूनही पस्तिशीला आलेल्या पिएरकडे डॉक्टरेट नव्हती. मानमरातबाची त्याला हौसच नव्हती. एका औद्योगिक शाळेत तो तुटपुंज्या पगारावर शिकवत होता. आणि प्रतिभावान स्त्रिया फार विरळ, असं त्यानं तरुणपणीच आपल्या डायरीत लिहून ठेवलेलं होतं.

गाठ पडली ती कामामुळे. पोलादाच्या वेगवेगळ्या प्रकारांचे चुंबकीय गुणधर्म तपासण्याचं काम मारीला मिळालं होतं, पण त्यासाठी जागा पुरत नव्हती. कोवाल्स्की नावाचे पोलिश भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा पॅरिसला आले होते. पिएरकडून काही सोय होईल, या विचारानं त्यांनी दोघांना आपल्याकडे बोलावलं. मारी खोलीत शिरली तेव्हा पिएर बाल्कनीच्या दाराशी उभा होता. त्याच्या मृत्यूनंतर तिनं त्याचं चरित्र लिहिलं, त्यात ही भेट आहे. पस्तीस वर्षांचा असून तो तिला फार तरुण वाटला. त्याचं सावकाश, विचार करून बोलणं, त्याचा साधेपणा आणि गंभीर तरीही कोवळं हसू, यांमुळे तिला त्याच्याबद्दल विश्वास वाटला. त्या संध्याकाळी विज्ञानाच्या गप्पा निघाल्या आणि मग माणसांच्या सुखदुःखाच्या.

पुढे त्यानं तिला एक भेट दिली. भौतिक घटनांमधल्या सममितीवरच्या त्याच्या शोधनिबंधाची प्रत, आणि तिच्यावर लेखकाकडून आदरानं आणि मैत्रीनं, अशा अर्थाची ओळ. त्यात आदर आधी आला आहे, हे मला फार आवडतं.

उन्हाळ्यात मारी पोलंडला गेली. शिक्षण संपवून मायदेशी परतायचं, म्हाताऱ्या वडिलांजवळ राहायचं, आपल्या लोकांना शिकवायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पारतंत्र्यातल्या देशातल्या मुलीला हे कर्तव्य वाटत होतं, आणि पॅरिसच्या माणसाशी लग्न करणं म्हणजे ते कर्तव्य सोडणं. पिएर पत्रं लिहीत राहिला. 10 ऑगस्ट 1894 च्या पत्रात तो लिहितो की आपण दोघांनी आपल्या स्वप्नांच्या धुंदीत आयुष्य सोबत काढलं तर किती सुंदर होईल. ती स्वप्नं तो एकेक करून सांगतो: तुमचं देशाचं स्वप्न, आपलं मानवतेचं स्वप्न आणि आपलं विज्ञानाचं स्वप्न. श्रोतेहो, तिचं देशाचं स्वप्न त्यानं सगळ्यांत आधी मांडलं. तिच्या मनातली अडचण कुठे आहे, हे त्याला नेमकं कळलेलं होतं.

ऑक्टोबरात ती पॅरिसला परत आली, तरी होकार दिला नाही. तेव्हा पिएरनं सुचवलं की लग्न नको असेल तर एकाच घरात दोन स्वतंत्र भाग करून मित्रांसारखे राहू आणि काम करू. तेही तिला पटेना. मग तो म्हणाला की मीच पोलंडला येतो. तिथे फ्रेंच शिकवून पोट भरेन आणि जमेल तसं संशोधन करेन. ज्याचं सगळं काम, आईवडील, भाषा फ्रान्समध्ये होती, तो माणूस हे म्हणत होता! मारीनं काही त्याला तिकडे नेलं नाही. पण पूर्वी एक मुलगा तिच्यासाठी आईवडिलांपुढेही उभा राहिला नव्हता, आणि हा देश सोडायला निघाला होता. माझ्या मते तिच्या मनाची गाठ इथेच सुटली. प्रेम दोघांचंही होतं, पण त्याची किंमत आतापर्यंत फक्त तिच्याकडेच मागितली जात होती. पिएरनं ती स्वतःच्या अंगावर घेण्याची तयारी दाखवली.

तिनंही त्याला हलवलं. तिच्या आग्रहामुळे त्यानं चुंबकत्वावरचं आपलं संशोधन प्रबंधात मांडलं आणि मार्च 1895 मध्ये तो डॉक्टर झाला. लग्नाचं ठरल्यावर मारीनं मैत्रिणीला पत्र लिहिलं. कायमचं पॅरिसला राहावं लागणार याचं दुःख तिनं त्यात लपवलं नाही. पण आमची मनं इतकी जुळली आहेत की वेगळं होणं आता सहन होणार नाही, असंही सांगितलं. आनंदाच्या पत्रात दुःख इतक्या सरळपणे लिहिता आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

26 जुलै 1895 ला सो या गावच्या नगरपालिकेत लग्न झालं. धर्मगुरू नाही, अंगठ्या नाहीत. वडील आणि बहीण हेला वॉर्साहून आले होते. ब्रोन्याच्या सासूबाई लग्नाचा पोशाख करून देणार होत्या. मारीनं त्यांना सांगितलं की गडद रंगाचा आणि प्रयोगशाळेत घालता येईल असाच द्या. आहेर म्हणून आलेल्या पैशांतून दोघांनी सायकली घेतल्या आणि त्यांवरून फ्रान्सची खेडीपाडी पालथी घातली.

पोलंडचं स्वप्न मागे पडलं का? जुलै 1898 मध्ये दोघांनी नव्या मूलद्रव्याचा शोध जाहीर केला. त्या निबंधात दोघांनी मिळून लिहिलं की हा शोध पक्का ठरला तर याला पोलोनियम म्हणावं, आमच्यापैकी एकाच्या मायदेशावरून.

नमस्कार.