लाळ आटलेल्या तोंडातलं फिलिंग

(दृश्य : खालचे पुढचे दात, हिरडीलगत तपकिरी पट्टा)

हे खालचे पुढचे दात. लाळेत सतत भिजणारे, एरवी सहसा न किडणारे. पण तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतलं की लाळग्रंथी निकामी होतात, आम्ल धुऊन न्यायला लाळच उरत नाही आणि कीड हिरडीच्या कडेनं दाताला वेढा घालते. तंबाखू-मिश्रीच्या आपल्या मुलखात असे पेशंट कमी नाहीत.

मग भरायचं काय?

जुन्या दाढांमधली ‘चांदी’, म्हणजे अमाल्गम, दणकट खरी. पण तिच्यात निम्मा पारा, शिवाय ती दाताला चिकटत नाही. अडकून राहावी म्हणून चांगला दातही कोरावा लागतो. युरोपीय संघानं २०२५ पासून ती जवळपास बंदच केली.

कॉम्पोझिट, म्हणजे रेझिनचं फिलिंग, देखणं, दाताच्या रंगाचं. मात्र निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना ते किंचित आकसतं. हिरडीलगत एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, संपतं, तिथे त्याची पकड आधीच कच्ची. फट पडते, कीड आत शिरते. वरून फिलिंग शाबूत दिसतं, म्हणून पेशंटही निर्धास्त!

(दृश्य : कागदी पॅडवर सिमेंट घोटणारा हात)

हे ग्लास आयोनोमर. विल्सन आणि केंट या ब्रिटिश संशोधकांनी १९७२ मध्ये मांडलेलं. काचेची पूड, आम्लाचा द्रव. दोन्ही घोटून, मिश्रणावर चमक आहे तोवरच भरायचं. ती गेली की सिमेंट दाताला धरत नाही. वर व्हॅसलीनचा हात. दातातल्या कॅल्शियमशी ते थेट बांधलं जातं, फ्लोराइड सोडतं आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड पुन्हा शोषूनही घेतं.

दाढेवर चावून चावून ते झिजतं, कोरड्या तोंडात तर जास्तच. तरीही फ्लोराइड नियमित न लावणाऱ्या अशा पेशंटमध्ये त्याच्या कडेला नवी कीड कॉम्पोझिटपेक्षा कमी आढळली आहे. आमचा कौल इथे सिमेंटलाच. झिजलेलं सिमेंट पुन्हा भरता येतं. आतून किडलेला दात काढणं मात्र अवघड, कारण रेडिएशन झालेल्या जबड्याचं हाड नीट भरून येईलच असं नसतं.

दाढेत खाली सिमेंट, वर कॉम्पोझिट, अशी जोडीही चालते.

रोज फ्लोराइड जेल लावणाऱ्यांनी ती न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेली, आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. आम्लयुक्त जेल या सिमेंटलाच खाते.