घोडा कोणाचा?

(लातूरमध्ये चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं की, यांच्या चित्रांतल्या घोड्यांवर एम. एफ. हुसेन यांचा प्रभाव आहे. मी गप्प बसलो. हुसेनांशी नातं जोडलं जात असेल तर कोणता चित्रकार नको म्हणेल? पण आता खरं सांगून टाकतो. तो घोडा आमच्या उस्तादांचा आहे, आणि उस्तादांनी तो बिडीच्या एका कॅलेंडरवरून उचलला होता.

उस्ताद म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची बाजू, निवडणूक आली की भिंती. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे डबे धुवायला लागलो. कॅलेंडरवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी पत्र्यावर मोठ्या आखायच्या आणि एकेका घरातली रेघ इकडून तिकडे न्यायची. एवढं मोजूनमापून करूनही उस्तादांचा घोडा कॅलेंडरसारखा कधी व्हायचा नाही. आपल्याकडच्या उन्हात ऑइल पेंट लगेच ओढतो. ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की ओरखडा उठतो. म्हणून ते घोड्याची मान एका दमात ओढायचे, खांद्यातून हात फिरवून. त्या घाईत मानेला जो बाक यायचा, तो कॅलेंडरात नव्हताच. मी उचलला तो हा बाक. गंमत म्हणजे हुसेनही तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. तेव्हा ओळख करून देणारे फार चुकले नाहीत, नुसती गल्ली चुकली.

पुढे कला महाविद्यालयात गेलो आणि दोन वर्षं मी अमूर्त चित्रांचे व्ही. एस. गायतोंडेच होतो. रोलर आणला, पॅलेट नाइफ आणली. त्यांची शांतता मात्र कुठल्या दुकानात मिळाली नाही. त्यातले दोन कॅनव्हास स्टुडिओचा पत्रा गळतो तिथं लावलेत, चांगले कामाला येतात.

नकलेची मला लाज वाटत नाही. आपल्या अजिंठ्यात तर नकलेचा कारखानाच चालला. लेण्यांतल्या भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती काढायला रॉबर्ट गिल हे इंग्रज अधिकारी १८४४ मध्ये नेमले गेले. त्यांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांच्याही कित्येक प्रती १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. आग लागते, त्याला कोण काय करणार. मला खुपतं ते व्हार्निश. चित्र नीट दिसावं म्हणून प्रती काढणाऱ्यांनी मूळ भिंतीवरच व्हार्निश फासलं, आणि पुढे ते पिवळं पडलं. शेजारणीचं पातेलं आणावं आणि करपवून परत द्यावं, तसला प्रकार. आणखी एक खुपतं. या प्रतींच्या छापील ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचं. अंधाऱ्या लेण्यात वर्षानुवर्षं रेघा ओढणारी पोरं कोण होती? पेस्तनजी बोमनजींसारखी एक-दोन नावं सोडली तर तुम्हाला कुणाचं आठवतं?

उसनवारीत माझा खरा प्रश्न हाच आहे. मोठ्या वाड्यातून आणलेलं आपण चारचौघांत मिरवतो, शेजारच्या घरातून वाटीभर आणलेलं सांगत नाही.

अमेरिकेतल्या अँडी वॉरहॉल या पॉप चित्रकाराचं प्रकरण घ्या. लिन गोल्डस्मिथ या फोटोग्राफर बाईंनी १९८१ मध्ये प्रिन्स या गायकाचा फोटो काढला. वॉरहॉलनं त्यावरून चित्रमालिका केली. २०१६ मध्ये प्रिन्स वारल्यावर एका प्रकाशन कंपनीनं त्यातलं नारिंगी चित्र छापलं. वॉरहॉलच्या फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले. बाईंना पैसा नाही, नावही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या छपाईपुरता ७ विरुद्ध २ असा बाईंच्या बाजूनं निकाल दिला. मला वॉरहॉल आवडतो, तरी निकाल वाचून बरं वाटलं.

आपल्याकडे पैठणला नाथांनी याचा विचार कधीच केला होता. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावलं, यात कुणी आपली ओवी घातली तर अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल. एवढं कडक सोवळं! आणि हेच नाथ भारुडात वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगं बिनदिक्कत घेतात. दुसऱ्याच्या नावावर आपलं खपवायचं नाही, आणि आपलं लिहिलं तर ‘एका जनार्दनी’ म्हणून गुरूचं नाव सहीतच ओवायचं. पण नाथ भेटले तर त्यांनाही विचारीन, महाराज, तो वासुदेव कुठल्या गल्लीतला होता?

आता स्टुडिओबद्दल. २०१६ च्या उन्हाळ्याचं तुम्हाला मी काय सांगू, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती तुमच्याच गावात. आमच्याकडेही प्यायला टँकर, तिथं ब्रश कशात धुणार? अ‍ॅक्रिलिक बंद केलं. शोभेची दारू बनवणाऱ्या एका आजोबांनी तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, कोळसा शिकवला. पत्र्याच्या डब्यात तुराट्या दाबून भरायच्या, झाकणाला खिळ्यानं एक भोक, डबा जाळात. भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायचा, पण गार होईपर्यंत उघडायचा नाही. माझे पहिले तीन डबे राखच झाले, घाई नडली. हा कोळसा ठिसूळ. मान एका दमात ओढायला गेलो की कांडी मधेच तुटते, बाकाला खंड पडतो. आधी मी ते खंड बुजवायचो. मग बुजवणं सोडलं. आज तुम्ही बाहेर पाहिलेत ते हे घोडे.

तेव्हापासून चित्राच्या पाठीमागं मी उसनवारी लिहून ठेवतो. मान: उस्ताद, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. कोळसा: दारूवाले आजोबा. गेल्या वर्षी उस्ताद प्रदर्शनाला आले. चित्राकडे फारसं पाहिलंच नाही. फ्रेम भिंतीपासून ओढली, चष्मा वर करून मागचं वाचलं. अक्षरावरून बोट फिरवलं. म्हणाले, “वळण चांगलं आलंय. पण बेटा, पाटी कुणी मागच्या बाजूनं लिहितं का?”