वीस तारखेनंतर

(दृश्य: संगणकाचा पडदा, खाली सरकणारी यादी)

आज २१ जानेवारी. जीएसटीआर-३बी, म्हणजे ज्याच्यासोबत कर भरला जातो ते महिन्याचं विवरणपत्र, भरायची मुदत काल रात्री संपली. या यादीत ज्यांचं विवरणपत्र आलेलं नाही ते व्यापारी आहेत. प्रत्येक जीएसटी क्रमांकाची सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं पॅनची.

पेट्रोल-डिझेलसारखी इंधनं आणि मद्य सोडलं तर विक्रीवरच्या कराचे दर आता राज्य एकट्यानं ठरवत नाही, जीएसटी परिषद ठरवते. जीएसटीमुळे घटलेल्या महसुलापोटी केंद्र देत असलेल्या भरपाईचा पाच वर्षांचा काळ ३० जून २०२२ ला संपला. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पेही गेले. तिजोरीला ओढ लागली की राज्यापाशी उरतं ते लागू असलेला कर वेळेत गोळा करणं. माणसं मोजकीच असतात, म्हणून यादी कुठून वाचायला घ्यायची, हे आधी ठरवावं लागतं.

(दृश्य: फोनवर बोलणारे राज्यकर निरीक्षक, शेजारी पेन्सिलनं खुणा केलेला कागद)

वरून खाली वाचत गेलं तर दिवस वाया जातो. पहिली खूण होते ती जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या तपशिलाचं विवरणपत्र, भरून ३बी न भरणाऱ्यांवर. त्यांनी विक्री दाखवलेली आहे. १४ तारखेला तिच्यावरचा कर खरेदीदाराच्या २बी या तक्त्यात क्रेडिट म्हणून, म्हणजे त्याच्या करातून वजा होणारी रक्कम म्हणून, उतरलाही. फक्त कर आलेला नाही. त्यातही रक्कम मोठी, त्याला फोन आधी. पोर्टलचे संदेश अनेकदा करसल्लागाराच्या नंबरवर जातात आणि मालकाला पत्ताच नसतो. म्हणून फोन थेट मालकाला.

फोननं भागलं नाही तर विवरणपत्र भरा म्हणून सांगणारी ३ए ची नोटीस, मुदत १५ दिवस. त्यानंतर जीएसटी कायद्याच्या कलम ६२ खाली अधिकारी स्वतःच्या अंदाजानं कर ठरवतो. तो आदेश म्हणजे एएसएमटी-१३. व्यापाऱ्यानं ६० दिवसांत विवरणपत्र भरलं की हा आदेश आपोआप गळून पडतो. पडू दे, तो त्यासाठीच असतो. घोळ होतो तो अंदाज कमी धरला की. मागच्या महिन्याचा आकडा डोळे झाकून उतरवला, तर व्यापारी तेवढेच भरून गप्प बसतो. ई-वे बिलं (मालवाहतुकीच्या नोंदी) आणि ई-इन्व्हॉइस (पोर्टलवर नोंदलेली विक्रीची बिलं) आधी काढून मग आकडा लिहायचा.

(दृश्य: पडद्यावर दोन विवरणपत्रं शेजारी-शेजारी)

लक्ष घालायची ही दुसरी जागा. जीएसटीआर-१ मध्ये कर जास्त, ३बी मध्ये कमी. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की डीआरसी-०१बी ची सूचना आपोआप निघते. सात दिवसांत पैसे भरा नाहीतर कारण द्या. दोन्ही केलं नाही तर पुढचं जीएसटीआर-१ अडकतं. प्रत्येक फरक चोरीचा नसतो. क्रेडिट नोट (परत आलेल्या मालापोटी बिल कमी करणारा कागद) पुढच्या महिन्यात गेली किंवा परराज्यातल्या विक्रीवरच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या विक्रीवरचा एसजीएसटी टाकला, तरी असंच दिसतं.

आता हे रकाने जरा जवळून. ३बी मधला ३.२ चा तक्ता: परराज्यातल्या नोंदणी नसलेल्या ग्राहकांना केलेली विक्री, राज्यवार. तो जीएसटीआर-१ वरून भरला जातो, म्हणून चूक तिथेच पकडावी लागते. नाशिकच्या ग्राहकाला विकलेला माल चुकून २४ वर, म्हणजे गुजरातच्या नावावर पडला, तर व्यापाऱ्यानं पै न पै भरूनही राज्याचा वाटा तिकडे जातो.

४ चा तक्ताही तसाच. परराज्यातून आलेल्या मालावरचं आयजीएसटी क्रेडिट मिळण्याजोगं नसेल, तर ते आधी दाखवून मग ४(बी) मध्ये परत करायचं असतं. बरेच जण ते घेतच नाहीत, रकाना कोरा सोडतात. त्यात त्यांचं काही जात नाही, पण राज्याच्या वाट्याचा हिशेब अडून राहतो. इथे कुणाकडून जास्तीचा रुपया मागायचा नसतो. योग्य चौकटीत आकडा पडला की झालं, आणि याला छापा लागत नाही.

(दृश्य: रॅक, दोरीनं बांधलेले गठ्ठे)

हे व्हॅटच्या काळातले, २०१७ च्या आधीचे. धंदा बंद, मालमत्ता बँकेकडे गहाण, पत्त्यावर दुसरंच दुकान. राज्याच्या २०२३ च्या अभय योजनेत, म्हणजे जुन्या थकबाकीत सूट देणाऱ्या योजनेत, जीएसटीपूर्वीची कोणत्याही एका वर्षाची २ लाखांपर्यंतची थकबाकी सरसकट माफ झाली. इथे माणूस बसवण्यापेक्षा २१ तारखेच्या यादीवर बसवलेला बरा.

(दृश्य: बाजारपेठ, उघडणारं शटर)

यादीतल्या नावांचा फटका इतर दुकानांनाही बसतो. पुरवठादारानं ३बी न भरता कर बुडवला, तर जीएसटीच्या नियम ३७ए प्रमाणे खरेदीदारालाही क्रेडिट परत करावं लागतं.

(दृश्य: पुन्हा तीच यादी, आता काही ओळी कमी)

उद्या २२. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या आणि तिमाही विवरणपत्र निवडलेल्या व्यापाऱ्यांची मुदत. परवा सकाळी यादी याहून लांब असेल.